मोफत वकील मिळतो, पण वेळेत गाठावा लागतो: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा माझा अनुभव

जिल्हा न्यायालयाच्या आवारात शिरलं की मुख्य इमारतीला वळसा घालून मागे जायचं. झेरॉक्सवाल्याच्या टपरीशेजारी जिना आहे. वर चढलं की डाव्या हाताला विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस. आमच्या जिल्ह्यात ते असं आहे, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे असेल, पण न्यायालयाच्या आवारातच सापडेल. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तहसीलमध्ये, दवाखान्यात, सेतू केंद्रात मी कुठे कुठे उभी राहिले, पण या जिन्याबद्दल मला कुणी चकार शब्द सांगितला नाही. भावाच्या दिव्यांगत्वाची टक्केवारी कमी ठरवली होती, त्याविरुद्धच्या अपिलाची मुदत नव्वद दिवसांची होती. त्यातले चौऱ्याऐंशी दिवस हा जिना सापडेपर्यंतच संपले होते.

या सेवेला मी पाचपैकी चार तारे देते. एक पैसा न घेता माझ्या भावाचं अपील त्यांनी लढवलं आणि ते आम्ही जिंकलो. पाचवा तारा का राखून ठेवलाय ते पुढे येईलच.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. उजवा पाय ओढत चालतो, उजव्या हाताची पकड कमी, आणि बोलणं असं की घरातल्या आम्हा दोघींशिवाय कुणाला कळत नाही. डोकं मात्र स्वच्छ आहे. आईच्या बीपीच्या गोळ्या कधी संपणार हे तोच मला आठवण करून देतो. मी घरी शिवणकाम करते. वडील नाहीत. त्याच्याकडे १९९८ सालचं सरकारी दवाखान्याचं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र होतं, ६५ टक्क्यांचं, आणि त्यावर संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला पैसे यायचे. २०२४ साली ते १,५०० रुपये होते. रक्कम कुणाला छोटी वाटेल. आमच्याकडे त्यात त्याची औषधं, दाढीचं सामान आणि दर सहा महिन्यांनी झिजणारा उजव्या पायाचा बूट भागायचा. शिवाय ते पैसे त्याचे स्वतःचे होते. बँकेत तो माझ्याबरोबर यायचा आणि अंगठा स्वतः द्यायचा.

मग फर्मान आलं की जुनी प्रमाणपत्रं चालणार नाहीत, ऑनलाइन नोंदणी करून वैश्विक ओळखपत्र, म्हणजे दिव्यांगत्वाची टक्केवारी लिहिलेलं नवं सरकारी कार्ड, काढा. आम्ही काढायला गेलो. ११ जून २०२४, मंगळवार. दवाखान्यात सकाळी आठला रांगेत उभे राहिलो आणि दुपारी दोनला नंबर आला. टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळात त्या दिवशी फक्त हाडांचे डॉक्टर हजर होते. त्यांनी भावाला चार पावलं चालायला लावलं, गुडघा वाकवून पाहिला, काहीतरी लिहिलं. भाऊ काहीतरी सांगत होता, ते त्यांना कळलं नाही. मी सांगायला गेले तर "तुम्ही बाहेर थांबा." वाचेची तपासणी कोण करणार, असं मी दारातून विचारलं. "कार्ड घरी येईल," एवढंच उत्तर मिळालं.

कार्ड घरी आलं २० ऑगस्टला. त्यावर पांढरी पट्टी. तेव्हा मला तिचा अर्थ माहीत नव्हता. आता माहीत आहे: चाळीस टक्क्यांच्या आत पांढरी, चाळीसपासून ऐंशीच्या आत पिवळी, ऐंशी आणि त्यापुढे निळी. भावाच्या कार्डावर ३६ टक्के होते. ज्या माणसाला पंचवीस वर्षं सरकारच ६५ टक्के म्हणत आलं, तो एका दुपारी ३६ वर आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जवळपास सगळे लाभ ४० टक्क्यांच्या रेषेवर टांगलेले आहेत. पेन्शन गेली, एसटीची सवलत गेली. चार टक्क्यांनी.

तहसीलमध्ये गेले तर टेबलापलीकडून उत्तर आलं, "चाळीसच्या खाली बसत नाही ताई. बंद झालं." मी म्हटलं, मला हे लेखी द्या. ते म्हणाले, लेखी कशाला, नियमच आहे. मी तीन वेळा मागितलं, तिन्ही वेळा हेच.

माझ्या मते खरी अडचण इथे सुरू होते. पुढचं कोर्टकचेरीचं सगळं नंतर येतं. तोंडी "नाही"ला आव्हान कसं देणार? कुठल्या तारखेच्या, कुणाच्या सहीच्या, कोणत्या कारणाच्या निर्णयाविरुद्ध? बाहेर आल्यावर माझ्या हातात काही नव्हतं. कचेरीच्या पायरीवर बसलेल्या बायांना विचारलं, त्यांच्यापैकी दोघींचं असंच तोंडी बंद झालेलं होतं. एकीचं वर्ष झालं होतं. तिला वाटत होतं, पुढच्या महिन्यात आपोआप सुरू होईल.

दुसरी अडचण भीतीची. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी मला मायेनेच समजावलं, "साहेबांशी वाकडं घेऊ नकोस पोरी, उद्या हयातीच्या दाखल्यावर सही त्यांचीच लागणार." आईचंही तेच मत. आणि तिसरी वाट दाखवणारा भेटलाच. सहा हजार दे, पंचेचाळीस टक्के करून आणतो. मी खोटं बोलणार नाही, एक रात्र मी तो विचार केला. सहा हजार म्हणजे चार महिन्यांची पेन्शन, पाचव्या महिन्यापासून पैसे सुरळीत. हिशोब अगदी सरळ होता. सकाळी भावाला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, माझं खरंच आहे ना? मग पैसे का द्यायचे?"

विधी सेवेबद्दल मला आमच्या बचतगटातल्या एका मैत्रिणीकडून कळलं. तिला पोटगीच्या केससाठी तिथून वकील मिळाला होता. १५१०० हा क्रमांक तिनेच दिला. मी त्यावर फोन केला, नीट बोलणं झालं. स्त्रीला आणि दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, जिल्हा न्यायालयात जा, असं सांगितलं. हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. बाई असल्यामुळे मी आणि दिव्यांग असल्यामुळे भाऊ, दोघंही पात्र होतो. कलमाचा नंबर मी हातावर लिहून घेतला आणि तो उपयोगी पडला.

३ सप्टेंबरला, मंगळवारी, मी एकटीच गेले. टेबलावरच्या माणसाने उत्पन्नाचा दाखला मागितला. मी कलम १२ म्हटलं. तो म्हणाला, आमच्याकडे लागतो. मग विचारलं, अर्ज कुणाच्या नावाने? भावाच्या. तो कुठे आहे? घरी, बोलणं नीट नाही त्याचं. "मग पालकत्वाचा आदेश आणा." हा आदेश कसला ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर समजलं की राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून सज्ञान माणसासाठी पालक नेमून घेता येतो, आणि त्याला महिने लागू शकतात. ते आणायला गेले असते तर अपिलाची मुदत तिथेच संपली असती. मी त्या दिवशी परत आले. माझ्यासाठी अशी एक फेरी म्हणजे तीन ब्लाउजांची शिलाई. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्याने प्रवास परवडतो, बुडालेला दिवस परवडत नाही. ज्यांच्या घरी दिव्यांग माणूस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको: घराबाहेरचा प्रत्येक तास घरात कुणीतरी दुसरं भरून काढावा लागतो. त्या दिवशी ते आईने केलं, आणि भावाला न्हाणीघरातून उठवताना तिची कंबर धरली.

हा कापलेला तारा टेबलावरच्या त्या अर्ध्या तासाचा आहे. ज्याला मदतीची गरज सर्वांत जास्त, तोच दारातून परत फिरतो. मीही फिरलेच होते. पण त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी भावाला रिक्षात घालून, मग एसटीत बसवून सोबत घेऊन गेले आणि सरळ सचिवांना भेटायचंय म्हटलं. प्राधिकरणाचे सचिव म्हणजे न्यायाधीशच असतात, हे मला फोनवर सांगितलेलं होतं. मॅडम खुर्चीतून उठून बाहेर आल्या, कारण व्हरांड्यातून आतल्या खोलीत जायला उंबरा उंच आहे आणि भावाला तो चढवत नव्हता. उभ्या उभ्या त्यांनी कार्ड पाहिलं, जुनं प्रमाणपत्र पाहिलं आणि टेबलावरच्या माणसाला म्हणाल्या, "उत्पन्नाचा दाखला नको. आजच वकील द्या." अर्ध्या तासात पॅनेलवरच्या एक वकीलताई आल्या. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान.

त्यांचं पहिलं वाक्य माझ्याशी नव्हतं. भावासमोरच्या बाकड्यावर बसल्या आणि त्याला विचारलं, "दादा, तुम्हाला अपील करायचंय का?" भाऊ बोलला. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं आणि त्यालाच म्हणाल्या, "परत सांगा, हळू." तिसऱ्यांदा त्यांना कळलं. तो म्हणत होता, "त्यांनी माझं बोलणं मोजलंच नाही."

त्या वाक्यावर अख्खं अपील उभं राहिलं.

पालकत्वाच्या आदेशाचं प्रकरण त्यांनी एका मिनिटात निकालात काढलं. ज्याला समजतं, ठरवता येतं, त्याला पालक कशाला? बोलणं अस्पष्ट असणं म्हणजे समज नसणं नव्हे. २०१६ च्या कायद्याच्या कलम १२ आणि १३ मध्ये दिव्यांग माणसाला इतरांसारखाच न्यायाचा आणि कायद्यापुढच्या ओळखीचा हक्क दिलाय. वकीलपत्रावर भावाने अंगठा उमटवला. शाई पुसायला मी पदर पुढे केला तर त्याने मान हलवली, राहू दे म्हणाला.

मग त्यांनी प्रमाणपत्रावरची तारीख पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, कार्ड तुमच्याकडे कधी आलं?" वीस ऑगस्टला. "पण निर्णय अकरा जूनचा आहे. मुदत निर्णयाच्या तारखेपासून नव्वद दिवस." भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून त्या मोजत गेल्या: जूनचे एकोणीस, जुलैचे एकतीस, ऑगस्टचे एकतीस, सप्टेंबरचे नऊ. ९ सप्टेंबर, सोमवार. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ तारखेला, शनिवारी होती. रविवार, आणि मग सणाचा सोमवार, कोण जागेवर असेल सांगता येत नव्हतं. म्हणजे आमच्या हातात शुक्रवार ६ तारखेपर्यंतचे दोन दिवस उरले. पोस्टाच्या थैलीत दहा आठवडे पडून राहिलेलं कार्ड, आणि घड्याळ मात्र अकरा जूनपासून चालू. हे मला आजही पटत नाही. कागद हातात आल्यापासून दिवस मोजावेत, यात कुणाचं काय बिघडतं?

त्या विषयात त्या नव्या होत्या, हे त्यांनी लपवलं नाही. पॅनेलवर त्यांच्याकडे येतात त्या केसेस पोटगीच्या, घरगुती हिंसेच्या, जामिनाच्या. दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचं अपील त्यांनी कधी केलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी मोजमापाची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढली आणि सकाळी सातला मला फोन केला. आवाजात उत्साह होता. एकाहून जास्त प्रकारचं अपंगत्व असेल तर नुसती बेरीज करत नाहीत, त्यासाठी एक सूत्र आहे. मोठा आकडा तसाच ठेवायचा. नव्वदमधून तो वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं आणि नव्वदने भागायचं. आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. भावाचा पाय आणि हात मिळून ३६ धरले आणि वाचेचे समजा ३० निघाले, तर नव्वदमधून छत्तीस गेले चोपन्न, चोपन्न गुणिले तीस भागिले नव्वद म्हणजे अठरा. छत्तीस आणि अठरा, चोपन्न. "ताई, ते छत्तीस चूक आहेत असं आपल्याला म्हणायचंच नाहीये," त्या म्हणाल्या. "आपण म्हणतोय की अर्धाच माणूस मोजला."

मी पुष्कळ वकील पाहिलेले नाहीत, पण माझ्या मनात त्या सकाळपासून त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो शब्दांत मांडता येणार नाही. पॅनेलवरच्या वकिलांना प्राधिकरणाकडून केसमागे ठरलेलं मानधन मिळतं. रात्रभर वाचण्याचे कुणी वेगळे पैसे देत नाही.

अपील दोन पानांचं होतं. सोबत जुनं प्रमाणपत्र, भाऊ लहानपणी ज्या वाचोपचार केंद्रात जायचा तिथली वही, आणि शाळेने तोंडी परीक्षेत दिलेल्या सवलतीचं पत्र. ही वही आईने तांदळाच्या डब्याखाली पेपरात गुंडाळून ठेवलेली होती. शुक्रवारी दुपारी वकीलताईंनी अपील हातपोच दिलं, पोचेवर शिक्का आणि तारीख घेतली, आणि तेच स्पीड पोस्टानेही पाठवलं. टायपिंग, झेरॉक्स, टपाल, कशाचाही पैसा माझ्याकडून घेतला नाही. मी पन्नासची नोट पुढे केली होती, ती त्यांनी परत माझ्या पिशवीत घातली.

मग वाट पाहणं. मध्ये विधानसभेची आचारसंहिता, मग निवडणूक, मग निकाल. अपिलाच्या मंडळाचं बोलावणं डिसेंबरात आलं. जायला चार तास. पण तिथे तीन डॉक्टर होते, त्यात वाचेची तपासणी करणाऱ्या एक बाई. त्यांनी भावाला पंचवीस मिनिटं दिली. चित्रं दाखवली, शब्द म्हणायला लावले, फोनवर बोलायला लावलं. बाहेर आल्यावर तो घामाघूम होता आणि हसत होता. जानेवारी २०२५ मध्ये आदेश आला: ५४ टक्के. नवीन कार्डाची पट्टी पिवळी.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पिवळं कार्ड घेऊन तहसीलला गेले तर म्हणाले, नवीन अर्ज करा, समितीच्या बैठकीत ठेवू. बैठक मार्चमध्ये झाली, पैसे एप्रिलपासून सुरू झाले. सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ या सात महिन्यांचं काय? मंडळाची चूक होती, ती सरकारच्याच दुसऱ्या मंडळाने दुरुस्त केली, मग मधले साडेदहा हजार भावाचेच ना? उत्तर पुन्हा तोंडी: "फरकाची तरतूद नाही."

यावेळी मी शहाणी झाले होते. वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयावर. पेन्शन बंद करण्याचा निर्णय कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने आणि कुणी घेतला, त्या टिपणीची प्रत द्या. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये अशी तरतूद आहे की ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कार्यालयाने कारणं सांगितली पाहिजेत. हे कलम अर्जातच लिहा. नाही म्हणणाऱ्या टेबलासमोर ते मोठा आधार देतं. तीस दिवसांच्या आत प्रत आली. अर्ध्या ओळीची टिपणी होती: "दिव्यांगत्व ३६%. अपात्र." खाली सही, तारीख. आठ महिने मी ज्या कागदासाठी भांडत होते तो एवढासा होता. पण तो हातात आल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आता पायाखाली जमीन आहे.

यापुढची पायरी उच्च न्यायालयाची. संविधानाच्या कलम २२६ खाली रिट याचिका. वकीलताईंनी ते समजावून सांगितलं ते असं: उच्च न्यायालय टक्केवारी स्वतः मोजत नाही, पेन्शन स्वतः मंजूर करायला सहसा जात नाही. निर्णय कायद्याने घेतला का, कारण दिलं का, आपलं ऐकून घेतलं का, हे ते बघतं, आणि चुकलं असेल तर बहुतेक वेळा परत त्याच कार्यालयाला नीट ठरवायला सांगतं. म्हणजे जिंकलो तरी फिरून त्याच टेबलापुढे. ठरावीक मुदत नाही, पण उशीर का झाला याचं उत्तर द्यावं लागतं. आणि हे सगळं साडेदहा हजारांसाठी.

लोक इथेच सोडून देतात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. एका महिन्याची रक्कम इतकी छोटी की तिच्यासाठी कुणी मोठ्या कोर्टात जात नाही. कुणी जात नाही म्हणून टेबलावरचं "नाही" तसंच चालत राहतं, पायरीवर बसलेल्या पुढच्या बाईसाठीही. आमच्या भागातून उच्च न्यायालय म्हणजे मुंबई. भावाला घेऊन रात्रीची गाडी, तिथे राहायचं कुठे, व्हीलचेअर मिळेल का, तारीख पडली की परत. वकील मोफत मिळाला तरी हे मोफत नसतं. मी ऑगस्टपर्यंत फाइल कपाटात ठेवून दिली होती.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत आणि आमचा जिल्हा त्यातलाच. बातमी भावाने रेडिओवर ऐकली आणि शिलाई मशीनपाशी येऊन मला म्हणाला, "अक्का, आता जवळ आलंय." सकाळी निघून रात्री घरी परतता येतं. माझ्यासाठी अंतर हीच गोष्ट निर्णायक ठरली. कायदा तोच होता, वकील तेच, आमचा हक्कही तोच. फक्त रस्ता छोटा झाला.

सेवेबद्दल आणखी थोडं. वकीलताई फोन उचलतात. नाही उचलला तर संध्याकाळी स्वतः करतात. सगळ्यांना असाच वकील मिळेल असं मी म्हणणार नाही. पोटगीच्या केसला आलेल्या एका बाईचे वकील तारखेला दोनदा आलेच नव्हते, हे मी त्या व्हरांड्यात ऐकलंय. तसं झालं तर वकील बदलून मागता येतो, सचिवांकडे अर्ज द्यायचा. गप्प बसू नका. ऑफिसची वेळ कोर्टाची, पण दुपारच्या सुट्टीत जाऊ नका, टेबलं रिकामी असतात. आणि दिव्यांगांसाठी असलेली ही सेवा पहिल्या मजल्यावर, लिफ्टशिवाय, वर उंच उंबरा, हे बदललंच पाहिजे. भावाला तो जिना मी आणि झेरॉक्सवाल्या दादांनी मिळून चढवला होता.

पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार करता येते. फी नाही, वकील लागतोच असं नाही. साक्षीदार आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. शेवटी ते शिफारस करतात आणि कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. आम्ही ती वाट धरली नाही, कारण मुदत डोक्यावर होती. तुमच्याकडे वेळ असेल तर तिथेही अर्ज करा.

माझी प्राधिकरणाकडे एकच मागणी आहे आणि ती मी सचिव मॅडमना लेखी दिलीय. दिव्यांगत्वाच्या प्रत्येक प्रमाणपत्राच्या मागे मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी छापून घ्या: निर्णय मान्य नसेल तर नव्वद दिवसांत अपील, ते कुठे करायचं तो पत्ता, आणि १५१००. तहसीलच्या ज्या खिडकीत पेन्शन बंद झाल्याचं सांगतात तिथेही हाच कागद चिकटवा. ते झालं की पाचवा तारा मी स्वतः येऊन लावते.

तोवर, हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं कार्ड आलं असेल तर आज रात्रीच त्यावरची तारीख बघा. आल्याची नाही, दिल्याची. तहसीलला जाताना साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज लिहून न्या, एकीवर आवक शिक्का मागा, शिक्का मिळेपर्यंत खिडकीवरून हलू नका. दवाखान्यात तपासणीला जाताना जुना कागद, शाळेचा, उपचाराचा, कितीही पिवळा पडलेला असो, सोबत ठेवा. आणि ज्याचं प्रमाणपत्र आहे त्याला बोलू द्या.

ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांची ही पेन्शन २,५०० रुपये झालीय, भावाच्या खात्यात ती येते. सात महिन्यांच्या फरकासाठीचा अर्ज आम्ही डिसेंबरमध्ये जिल्हा प्राधिकरणामार्फत उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे पाठवला. सोबत माहिती अधिकारात मिळालेली ती अर्ध्या ओळीची टिपणी आणि अपिलाचा आदेश जोडलाय. मागच्या आठवड्यात वकीलताईंचा फोन आला, अर्जाला क्रमांक पडलाय. भावाने तो माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि आईच्या गोळ्यांच्या वहीत, शेवटच्या पानावर, डाव्या हाताने लिहून ठेवला.